स्क्रीनशॉट कुणाच्या ताब्यात?

बाबासाहेबांबद्दल कुणी गरळ ओकली की आपली पोरं स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून मोकळी. पोस्ट रात्रीतून गायब. ॲट्रॉसिटीचं कलम ३(१)(व्ही) आहे, पण पुराव्याचं काय?

पैसे घेऊन वेबपानांचे स्क्रीनशॉट काढून देणाऱ्या कंपन्या आहेत. सोय आहे, मान्य. पण साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम ६३ प्रमाणपत्र मागतं. त्यावर सही लागते यंत्राचा ताबा असणाऱ्याची आणि तज्ज्ञाची. कंपनीच्या सर्व्हरचा ताबा तुमच्याकडे आहे का, हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारणार.

शेजारच्या जालन्याचा खोतकर-गोरंट्याल खटला वाचा. २०१४ च्या निवडणुकीचं चित्रण सरकारी कॅमेऱ्यांचं. गोरंट्यालांनी वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रमाणपत्र बंधनकारकच ठरवलं. इतर पुरावा होता म्हणून निभावलं. उमेदवाराची ही गत, तर देऊळगाव राजाच्या पोराला कुठली कंपनी दारात उभं करील?

प्लेराईट, पपेटिअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. तालुक्याला एक लॅपटॉप, एक जबाबदार माणूस. लिंक, तारीख, वेळेसह पान साठवा, लगेच फाईलचा हॅश काढून वहीत लिहा. प्रमाणपत्राच्या नमुन्यात तो मागितलेलाच आहे. अपडेट, बिघाड आपल्यालाच बघावे लागतील. कटकट आहे, पण सही आपल्याच माणसाची राहील. आणि लिंक तक्रारीत लेखी द्या. मूळ नोंद मागवणं पोलिसांचं काम.