घाटांतील उतार आणि मोटारीचे ब्रेक

पुण्या-मुंबईकडील कित्येक तरुण हल्लीं वेगवान मोटारी घेऊन गांवीं येतात. दाजीपूरचा डोंगर उतरून त्या आमच्या फोंडाघाटांत पोंचतात, तेव्हां पुष्कळांच्या चाकांपाशीं जळका वास येत असतो. मग, ‘आतां ब्रेक मोठे बसवावे’ असा विचार निघतो. विचार वाईट नाहीं; परंतु ब्रेक करतो काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

ब्रेक गतीचें उष्णतेंत रूपांतर करतो. १२०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर खालीं उतरली आणि तिला आवरण्याचा सर्व भार ब्रेकवर टाकला, तर जी उष्णता निघेल तिनें १७-१८ लिटर गार पाणी उकळूं लागेल. ताशीं १०० किलोमीटर वेगानें धांवणारी तीच मोटार बारा-तेरा वेळां थांबविण्याइतकी ही उष्णता होय.

मोठ्या तबकडीचा खरा उपयोग येथें आहे. ती अधिक उष्णता सोसते व वाऱ्यावर लवकर निवते. १९५३ सालीं फ्रान्समधील ले मां येथील २४ तासांची शर्यत जग्वार मोटारीनें जिंकली, ती असले डिस्क ब्रेक लावूनच. परंतु एकदांच जोरानें ब्रेक दाबला असतां मोटार किती अंतरांत थांबेल, हें टायर व रस्ता यांच्या पकडीवर ठरतें. मूळचे ब्रेक चाकें जखडण्यास समर्थ असतील, तर नुसत्या मोठ्या तबकडीनें तें अंतर घटत नाहीं. पावसांतल्या वळणावर झिजलेल्या टायरांना महागडे ब्रेक तारीत नाहींत.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. तें हवेंतील ओलावा शोषतें. डॉट-३ जातीचें कोरडें ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. ओलाव्यानंतर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळलें कीं त्यांत वाफ होते, आणि पेडल तळास टेंकलें तरी मोटार थांबत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत राहणारांनीं हें विसरूं नये.

म्हणून खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवितों: प्रथम ताजें ब्रेक ऑइल, मग चांगले टायर, नंतर उष्णता सोसणारे पॅड, आणि शेवटीं तबकडी. शर्यतीचे पॅड थंड असतां नीट धरीत नाहींत. ते घरच्या मोटारीस नकोत. केवळ पुढचेच ब्रेक वाढविल्यास पुढच्या-मागच्या चाकांचा समतोल बिघडतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

पैशाविण होणारा उपाय मात्र सर्वांत मोठा आहे. घाटमाथ्यावरच खालचा गिअर घालावा, म्हणजे इंजिनच मोटारीस आवरून धरतें. ब्रेकवर पाय ठेवून उतरूं नये; वळणापूर्वीं नीट दाबून वेग कमी करावा व सोडावा. न्यूट्रलमध्यें तर कधींच उतरूं नये.

कठोपनिषदांत शरीरास रथ, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी म्हटलें आहे. लगाम उत्तम घ्यावा, त्यास आमची ना नाहीं. परंतु मागें वृद्ध आई व मुलें बसलीं असतां उतारावर वेग किती ठेवावा, हें सारथ्यानेंच ठरवावयाचें असतें.