मदरबोर्ड घेताना आधी सॉकेट विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून शाळेचा जुना संगणक अपग्रेड करायचा विषय निघाला की "नुसता मदरबोर्ड बदलू" असं कुणीतरी म्हणतंच. मी आधी विचारते, सॉकेट कोणतं? इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या एच११० बोर्डात बसतोसुद्धा, पण चालत नाही! त्याला एच३१० सारखा ३०० मालिकेतलाच बोर्ड लागतो. जुनी डीडीआर३ रॅम तर डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही. म्हणजे बोर्डामागोमाग प्रोसेसर आणि रॅमचाही खर्च आला.

पैसा लोकवर्गणीचा असतो. मराठी टायपिंग आणि दीक्षावरचे व्हिडिओ एवढंच काम असेल तर माझ्या मते बोर्डाला हात लावू नका. एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा, उबंटू टाका. बोर्ड मेलाच असेल तर साधा घ्या. प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय हवं, रॅमच्या दोन खाचा हव्यात. रंगीत दिव्यांचा गेमिंग बोर्ड चौथीच्या पोरांना काय करायचाय? आणि बिलावर बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला सिरीयल नंबर लागतो.