विश्लेषण : टँकरला दुहेरी कवच, मग मुंबईच्या समुद्रात तेल सांडलं कसं?

उदगीर : उदगीरपासून समुद्र लांब असला, तरी ट्रॅक्टरच्या डिझेलचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल परदेशातून येतं, तेही मुख्यतः जहाजाने. हे तेल वाटेत सांडू नये म्हणून जहाजाची बांधणीच बदलावी लागली.

काय बदललं?
मार्च १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' हा टँकर खडकावर चढला. त्याला एकच पत्रा होता. तो फाटला आणि सुमारे ३७ हजार टन तेल समुद्रात गेलं. त्यानंतर नियम आला : जुलै १९९३ पासून ऑर्डर दिलेल्या टँकरला दुहेरी कवच किंवा त्याच तोडीची रचना हवी.

थर्मासला जशा दोन भिंती, तसंच हे. मोठ्या टँकरमध्ये दोन पत्र्यांत साधारण दोन मीटरची जागा असते. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतलं तेल जागेवर राहतं. टँकर रिकामा परतताना याच जागेत समुद्राचं पाणी भरतात, म्हणजे जहाज डोलत नाही. शिवाय पेट्रोल पंपावर येणाऱ्या टँकरसारखे आत वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी सगळं तेल जात नाही.

मुंबईत काय घडलं?
७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजा-३' ही जहाजं धडकली. अंदाजे ८०० टन तेल सांडलं. 'चित्रा' मात्र टँकर नव्हतं, कंटेनरचं जहाज होतं. सांडलं ते त्याच्या इंजिनासाठीचं इंधन. रायगड, नवी मुंबईच्या किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली, मच्छीमारांचा धंदा बसला.

इतर मोठ्या जहाजांच्या इंधन टाक्यांनाही संरक्षण देण्याचा नियम आला, पण तो १ ऑगस्ट २०१० पासून ताब्यात मिळालेल्या नव्या जहाजांना. अपघाताच्या फक्त सहा दिवस आधी! 'चित्रा' तर १९८० सालचं.

मर्यादा काय?
जोराची धडक बसली किंवा जहाजच बुडालं, तर दुहेरी कवचही पुरत नाही. दोन पत्र्यांमधल्या जागेत खारं पाणी असल्याने गंजही चढतो. तपासणी टाळून चालत नाही.

तरी फरक मोठा आहे. १९७० च्या दशकात जगभरात टँकरमधून ७०० टनांपेक्षा मोठी गळती वर्षाला सरासरी २४-२५ वेळा व्हायची, २०१० च्या दशकात दोनदाही नाही. याचं श्रेय एकट्या कवचाचं नाही; कडक नियम, तपासणीचंही आहे. 'चित्रा'ने दाखवलं ते एवढंच : नियम नव्या जहाजाला लागतो, पण समुद्रात जुनीही फिरतात. आणि त्याची किंमत जहाजमालकाआधी किनाऱ्यावरचा कोळी मोजतो.