खंडेनवमीपूर्वी शेडचे दार उघडा

आज घरोघरी घट बसले. गेला पंधरवडाभर शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत घोडनदीच्या व भीमेच्या काठी गोधड्या आपटल्या जात होत्या, अंगणात चिंच लावून तांब्यापितळेची भांडी घासली जात होती, जळमटे निघत होती. मातामाऊलींनी कंबर मोडेस्तोवर कष्ट केले आणि घर घटस्थापनेयोग्य केले. मात्र या सर्व स्वच्छतेतून एक दार दरवर्षी सुटते. घराच्या कडेला पत्र्याची वा स्लॅबची जी खोली गाडीसाठी म्हणून बांधलेली असते आणि जिच्यात गाडी सोडून सर्व काही असते, तिचे ते दार होय. इंग्रजीत तिला गॅरेज म्हणतात. आपल्याकडे गॅरेज म्हटले की मिस्त्रीचे दुकान डोळ्यांपुढे येते, म्हणून आपण तिला शेड म्हणतो. घर बायकांनी झाडावे हा रिवाज आहे. शेड कोणी झाडावी याचा रिवाज अद्याप पडलेला नाही. ती पुरुषांनी झाडावी असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यातील अडगळीपैकी बारा आणे त्यांचीच असते.

पूर्वी वाड्यांना माळा असे, पडवी असे, धान्याला बळद असे. जागा अपुरी होती, त्यामुळे काय ठेवायचे याचा विचार करावा लागे. पुढे रांजणगाव, कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या, ऊस आला, बंगले उठले, दारी चारचाकी आली. जागा वाढली तसा विचार सुटला. न्हावरे-चौफुला रस्त्याने कीर्तनासाठी जाताना आम्ही पाहतो, गाडी लिंबाखाली उन्हात तापत असते आणि तिच्या खोलीत फुटका फवारणी पंप, जुनी पलंगपेटी, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, गळका कूलर आणि तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका सावलीत विसावलेल्या असतात.

आता खंडेनवमी आठ दिवसांवर आली. त्या दिवशी विळा, कोयता, पहार, पाना, ट्रॅक्टर, ज्याच्या त्याच्या उपजीविकेचे जे साधन असेल ते धुऊनपुसून पाटावर मांडायचे, झेंडूचे फूल वाहायचे. या पूजेशी महाभारतातील जी कथा सांगितली जाते, ती विराटपर्वात आहे. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली आयुधे शमीवृक्षावर ठेवली, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु ती कशी ठेवली हे व्यासांनी किती बारकाईने सांगितले आहे ते मुळातून पाहावे. धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. नकुल स्वतः झाडावर चढला. पावसाचे पाणी जेथे लागणार नाही अशी जागा त्याने निवडली आणि तेथे ती घट्ट बांधून टाकली. वर्ष सरल्यावर उत्तर त्या झाडावर चढला आणि त्याने ती खाली आणली, तेव्हा एकेक आयुध पाहून हे कोणाचे म्हणून तो विचारतो आणि अर्जुन एकेकाचे सांगतो. गंज नाही, शोधाशोध नाही. आमच्या शेडमध्ये बारा नंबरचा पाना शोधण्यास अर्धा दिवस लागतो आणि तो सापडेपर्यंत नवा विकत आणलेला असतो!

शेड आवरताना श्रद्धाळू मनुष्य कोठे अडतो हेही आम्हांस ठाऊक आहे. देवांची चित्रे असलेली जुनी कॅलेंडरे, गणपती छापलेल्या पत्रिका, तडा गेलेली मूर्ती, वाळलेले निर्माल्य, पाने सुटलेली पोथी. टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नाही, म्हणून ते सर्व पिशवीत बांधून शेडच्या कोपऱ्यात जाते. देवाला टाकायचे नाही म्हणून उंदरांच्या हवाली करायचे, ही कोणती भक्ती? शास्त्राने याचा विचार केलेला आहे. अग्निपुराणात जीर्ण मूर्तींच्या विधीचे प्रकरण आहे. लाकडाची मूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची पाण्याला, असा तेथे भेद केला आहे. छापील चित्रात प्राणप्रतिष्ठा झालेली नसते. नमस्कार करून चौकट काढावी आणि कागद घरच्या मातीत पुरावा. निर्माल्य तुळशीच्या वा पारिजातकाच्या आळ्यात घालावे. शाडूची मूर्ती उत्तरपूजा करून बादलीत विरघळवावी, धातूची तांबटाकडे द्यावी. हे सारे पुलावरून भीमेत भिरकावणे म्हणजे आपला कोपरा मोकळा करून नदीची शेड करणे होय. आणि देवघरातला नित्याचा नियम तरी काय आहे? काल वाहिलेले फूल आज सकाळी उचलायचे. ते काल पवित्र होते म्हणून आज तसेच राहू द्यावे, असे कोणी म्हणत नाही.

घट बसल्यावर झाडलोट चालते काय, असा प्रश्न येईल. घटाची जागा हलवायची नाही, अखंड दीप सांभाळायचा; बाहेरची शेड झाडण्यास आमच्या मते काही बाध नाही.

एका गोष्टीत मात्र विलंब करू नये. उसाच्या पट्ट्यात शेडमध्ये धान्याचे पोते ठेवले की उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. श्रावणात ज्याला दूध-लाह्या दाखवल्या त्यालाच आश्विनात शेडमध्ये काठीने मारायचे, हे अडगळीचेच पाप आहे. तेव्हा अंधारात हात घालू नये. आधी काठीने हलवावे, पायांत बूट असावेत, मुलांना लांब ठेवावे. कीटकनाशके मूळ डब्यातच, चिठ्ठीसह, उंचावर कुलपात ठेवावीत. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध पाणी समजून प्यायले गेल्याच्या घटना खेड्यापाड्यांत घडत आल्या आहेत. रिकामे डबे धान्याला वापरू नयेत, भोसकून निकामी करावेत. मोटारीच्या जुन्या बॅटरीत शिसे व आम्ल असते. ती विक्रेत्याकडे परत करावी. परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम 2001 पासून आहेत, 2022 मध्ये ते नव्याने झाले. पेट्रोलचा कॅन आणि जुन्या चिंध्या एकत्र नकोत. बाकी अवजारे भिंतीला खिळ्यांवर टांगावीत, म्हणजे काय नाही ते दिसते.

परंतु सरसकट भंगारवाल्यास बोलावण्याचीही घाई नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतील दप्तरे धुंडाळीत. त्यांतूनच 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. जे कागद त्यांच्या आधी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेले, त्यांची मोजदाद कोणी करावी?

हे लिहिताना आमची मान खाली आहे, तेही सांगणे प्राप्त आहे. आमचे तीर्थरूप कीर्तनकार होते. त्यांच्या हातच्या आख्यानांच्या वह्या आणि आजोबांनी लिहिलेल्या दोन पोथ्या एका लाकडी पेटीत होत्या. वाड्याची भिंत खचली तेव्हा ती पेटी ‘तात्पुरती’ म्हणून शेडमध्ये ठेवली, थेट मातीवर. या शब्दाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे आगीने केले नसेल. एक तप उलटले. गेल्या वर्षी खंडेनवमीला पहार काढताना तिला धक्का लागला आणि झाकण हातात आले, तळ खालीच राहिला. वाळवीने खालच्या वह्या माती करून टाकल्या होत्या. पोथी संपताना जुने लेखक लिहून ठेवीत, की हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. हा श्लोक आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो, श्रोते हसत, आम्हीही हसत असू. त्या मूर्खाची ओळख आम्हांस गेल्या वर्षी पटली. चार विटा आणि भिंतीपासून वीतभर अंतर, एवढ्यावर ती पेटी वाचली असती.

मधली काही पाने राहिली. ती सावलीत वाळवून, वेखंडाच्या कांड्या घालून तांबड्या फडक्यात बांधली आहेत. यंदा खंडेनवमीला टाळ आणि चिपळ्यांशेजारी तीच पाटावर असतील.

शेडच्या मागील भिंतीलगतची रास अजून तशीच आहे. तिच्या तळाशी तीर्थरूपांची आणखी एक ट्रंक असावी, असे आमच्या मंडळींना आठवते. उद्या द्वितीयेस सकाळी सातला दार उघडायचे ठरले आहे. सूनबाईंनी अंगणात ताडपत्री अंथरून ठेवली आहे आणि शेजारच्या मुलास विजेरी व लांब काठी घेऊन येण्यास सांगितले आहे.