अरिष्ट : मरणचिन्ह की निर्णयाची घटका?

'भांडवलशाही अरिष्टात सापडली आहे' हे वाक्य डाव्या चळवळीच्या ठरावांतून गेली कित्येक दशके आढळते. ते असत्य नाही. परंतु त्यातील 'अरिष्ट' या शब्दाने कार्यकर्त्यांच्या मनात एक गैरसमज रुजविला आहे. म्हणून त्या शब्दाचे कूळ तपासणे अगत्याचे आहे.

'रिष्' म्हणजे इजा होणे. त्यावरून वैदिक भाषेत 'अरिष्ट' म्हणजे इजा न पोचलेला, सुरक्षित. पुढे अर्थ उलटला आणि आयुर्वेदात हा शब्द मरणसूचक लक्षणाला लागू झाला. चरकसंहितेतील इंद्रियस्थानाचे बाराही अध्याय अशा लक्षणांच्या विवेचनाला वाहिलेले आहेत. रोग्याचा वर्ण, स्वर, छाया, स्वप्ने यांवरून त्याचे आयुष्य सरत आल्याचे वैद्याने ओळखावयाचे. गंमत अशी की, धायटीची फुले घालून आंबविलेल्या काढ्यालाही वैद्य 'अरिष्ट'च म्हणतात. दशमूलारिष्ट, द्राक्षारिष्ट ही नावे घरोघरी परिचित आहेत. एकच शब्द मरणाच्या चिन्हालाही आहे आणि औषधालाही!

मराठी समाजवाद्यांनी 'क्रायसिस'साठी हा शब्द योजला. 'क्रायसिस'ही मुळात वैद्यकातलाच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ निवाडा, निर्णय. न्यायसभेच्या निकालाला तो शब्द होता आणि हिपोक्रेटीसच्या परंपरेतील वैद्यांनी तो रोगाच्या निर्णायक क्षणासाठी वापरला. ताप परमावधीला पोचतो, त्यानंतर रोगी एक तर सावरतो किंवा दगावतो. म्हणजे ग्रीक शब्दात दोन वाटा आहेत. आयुर्वेदीय अरिष्टात एकच. भाषांतरात ही दुसरी वाट हरवली आणि अरिष्ट आले की भांडवलशाहीचे मरण ठरलेलेच, मग आपण केवळ वाट पाहावयाची, अशी समजूत बळावली.

इतिहासाचा दाखला याच्या उलट आहे. 1857 च्या व्यापारी अरिष्टातून क्रांती उद्भवेल या अपेक्षेने मार्क्स रात्री जागवून अर्थशास्त्राची टिपणे लिहीत होता. अरिष्ट ओसरले, क्रांती झाली नाही. 2008 मध्ये अमेरिकेतील बँका कोसळू लागताच तेथील काँग्रेसने 70,000 कोटी डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. रोगी सावरला; औषधाचा खर्च मात्र जनतेच्या खजिन्यावर पडला.

भारतात 1991 साली परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सुमारे 47 टन सोने गहाण पडले, जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि त्याच महिन्याच्या 24 तारखेला नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले. घटका निर्णयाची होती. परंतु ज्यांचा कार्यक्रम सिद्ध होता त्यांनीच निर्णय घेतला. डाव्यांपाशी निषेध होता, पर्याय उभा करण्याइतके संघटित बळ नव्हते.

याच्या नेमके उलट उदाहरण शेतकऱ्यांचे. सप्टेंबर 2020 मधील तीन कृषी कायद्यांविरुद्ध ते वर्षभर दिल्लीच्या सीमांवर ठाण मांडून बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये संसदेला ते कायदे रद्द करावे लागले. शेतीचे दुखणे त्यामुळे संपले नाही. परंतु निवाडा कोणाच्या बाजूने लागावयाचा हे संघटना ठरवू शकते, एवढे सिद्ध झाले.

तेव्हा 'अरिष्ट' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. तो मराठीत रुळला आहे. फक्त ठरावात तो लिहिताना पुढच्याच वाक्यात आपला कार्यक्रम काय, तो कोणत्या गावात, कोणत्या कारखान्यात, कोणाच्या बळावर राबवावयाचा, हेही लिहिले पाहिजे. तसे न केल्यास पुढचे अरिष्टही भांडवलदारांना औषधच ठरेल.