मांडी म्हणजे सीट नव्हे

बाळंतीण माहेराहून निघाली की गाडीतली बसायची व्यवस्था ठरलेली असते. पुढे बाळाचा बाप, मागे आई आणि बाळ आजीच्या मांडीवर. ‘माझ्याइतकं कोण जपेल?’ या आजीच्या प्रश्नावर घरात कुणी बोलत नाही. गणित मात्र बोलतं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो पेलण्याइतकी ताकद लागते. ती पैलवानाच्या हातातही नसते. त्यात आजीने पट्टा लावलेला नसेल, तर तिचंच वजन बाळाला पुढच्या सीटवर चिरडतं.

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं आणि मानेची हाडं अजून पक्की झालेली नसतात. म्हणून चाइल्ड सीट मागे तोंड करून लावायची. मग धक्का एकट्या मानेवर न येता पाठ, मान आणि डोकं मिळून झेलतात. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना १९६०च्या दशकात ही कल्पना सुचली, ती अंतराळवीरांच्या आसनावरून. युरोपातल्या आर-१२९ मानकानुसार पंधरा महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागेच हवं. अशी सीट चालू एअरबॅगसमोर मात्र कधीही लावू नये.

मूल मोठं झालं तरी गाडीचा पट्टा लगेच त्याच्या मापाचा होत नाही. तो गळ्यावर येतो आणि कमरेच्या हाडाऐवजी पोटावर चढतो. धडकेत आतडी, यकृत, मणका दुखावतो. बूस्टर सीट मुलाला उंच करून पट्टा खांद्यावर आणि कमरेवर आणते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या अंदाजानुसार मोटारीतल्या चाइल्ड सीटमुळे तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ मागच्या सीटवर पट्ट्याविना बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा घरोघरी पोचली. मुलांसाठी कायदा २०१९ पासूनच आहे : चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. पण या कलमात दीड वर्षाचं मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत बसतात. माझ्या मते दंड वाढवण्याआधी वय आणि उंचीचे टप्पे त्यात स्पष्ट लिहायला हवेत. प्रसूतिगृहांनीही घरी सोडताना लसींच्या तक्त्याबरोबर सीट कशी बांधायची ते दाखवावं.

घरच्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. सीटमध्ये बाळ रडेल. तेव्हा गाडी बाजूला थांबवून त्याला घ्यावं, शांत करावं आणि पुन्हा बांधूनच निघावं. सीट महाग वाटते हे खरं. मग बारशाला चार घरांनी चार झबली आणण्यापेक्षा मिळून एक सीट आणावी.