तलवार मिळाली, नाव आजोबांचंच

पोटगी, मारहाण, रेशन, बालविवाह असे विषय समोर असताना संपादकीय एका परदेशी अंतराळपटावर कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण कायदा आणि मोर्चा यांच्याइतकंच गोष्टींनीही आपल्या मुलींचं मन घडतं. ‘स्टार वॉर्स’ ही अमेरिकन चित्रपटमालिका १९७७ पासून चालू आहे. ती तीन पिढ्यांनी पाहिली. आज आपल्या शहरांतल्या मुलीही ती मोबाइलवर पाहतात. २०१५ मध्ये या मालिकेने नव्या प्रेक्षकांसाठी नवा अवतार घेतला आणि नायकाच्या जागी नायिका आली. त्याचं आपण स्वागतच करू. मात्र या बदलात बाईच्या हातात नेमकं काय दिलं गेलं आणि काय परत घेतलं गेलं, तेही पाहायला हवं.

जॉर्ज लुकासच्या पहिल्या चित्रपटातली राजकन्या लेया बावळट नव्हती. सोडवायला आलेल्या पुरुषांनाच ती सुनावते, बंदूक हिसकावून वाट काढते. पण त्या साऱ्या विश्वात ती जवळजवळ एकटीच बाई आहे. तिच्याशिवाय लक्षात राहणारी दुसरी स्त्री म्हणजे नायकाची काकू. ती जेवण वाढते, नवऱ्याची समजूत घालते आणि थोड्याच वेळात मारली जाते. १९८३ च्या चित्रपटात याच लेयाला धातूच्या तोकड्या कपड्यांत साखळीने बांधून बसवलं. त्याच साखळीने ती आपल्या मालकाचा गळा आवळते. पण जाहिरातींत आणि पोस्टरवर वर्षानुवर्षं राहिले ते कपडे.

पडद्यामागेही बाया होत्या. पहिल्या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालेल्या तिघांपैकी एक मार्शा लुकास होती. दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेचा पहिला खर्डा विज्ञानकथालेखिका ली ब्रॅकेटने लिहिला आणि १९७८ मध्ये ती वारली. दिग्दर्शकाचं नाव घरोघरी पोचलं. या दोघींची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

२०१२ मध्ये डिस्नेने लुकासची कंपनी सुमारे चारशे कोटी डॉलरना विकत घेतली. एवढी रक्कम वसूल करायची तर जुनं गिऱ्हाईक सांभाळून नवं जोडणं भाग होतं. म्हणून सांगाडा तोच ठेवला: वाळवंटातलं पोरकं पोर, गुपित घेऊन आलेला यंत्रमानव, ग्रह उद्ध्वस्त करणारं महाशस्त्र. माणसं मात्र बदलली. वाळवंटातलं पोरकं पोर आता रे नावाची मुलगी होती. बाजाराने मुलींना गिऱ्हाईक म्हणून ओळखलं, हे त्यामागचं एक कारण. पण इतकी वर्षं मुलींनी आणि त्यांच्या आयांनी धरलेला आग्रहही त्यामागे होता, हे विसरायला नको.

आणि ही रे आपल्या ओळखीची आहे. ती भंगार वेचते. मोडक्या जहाजांत उतरून सुटे भाग काढते, घासूनपुसून व्यापाऱ्याकडे नेते. भाव तो ठरवतो, आणि मोबदला म्हणून पाव वाटा अन्न हातावर ठेवतो. समोर एक म्हातारी तेच भाग घासत बसलेली असते. रे तिच्याकडे पाहते, आणि आपलं पुढचं आयुष्य तिला तिथं दिसतं. कचरावेचक बायांमध्ये काम केलेल्या कोणत्याही कार्यकर्तीला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

चित्रपटाने दोनशे कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. नायिका असली की चित्रपट चालत नाही, हे जुनं पालुपद तिथं खोटं ठरलं. तरी बाजाराला ते लगेच पचलं नाही. या चित्रपटावर निघालेल्या ‘मोनोपोली’च्या पटावर चार सोंगट्या होत्या आणि त्यांत रे नव्हती. कथानक आधीच उघड होऊ नये म्हणून तिला वगळलं, असं कंपनीने सांगितलं. आठ वर्षांच्या एका मुलीने पत्र लिहून याचा जाब विचारला, ओरड झाली, आणि मग तिची सोंगटी करायचं कंपनीने कबूल केलं.

लेयाची भूमिका करणारी कॅरी फिशर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होती. पहिल्या चित्रपटासाठी तिला दहा पौंड वजन उतरवायला सांगितलं होतं. नव्यासाठी पस्तीस पौंडांहून अधिक उतरवायचा दबाव आला, आणि तिने तो उघडपणे सांगितला. राजकन्येची सेनापती झाली, पण वजनकाटा काही हटला नाही.

२०१७ च्या चित्रपटात रोझ ही तंत्रज्ञ मुलगी आली. तिची भूमिका करणारी केली मेरी ट्रॅन व्हिएतनामी निर्वासितांची लेक. एवढी मोठी भूमिका या मालिकेत गोरेतर स्त्रीला प्रथमच मिळाली. जुन्या चाहत्यांतल्या एका टोळक्याने तिच्या वर्णावरून, रूपावरून इतका छळ केला की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. नंतर तिने लिहिलं की त्या शब्दांपेक्षाही घातक होतं ते आपण स्वतःच त्यांवर विश्वास ठेवू लागणं. ज्या मालिकेने तिला पुढे आणलं, तिने काय केलं? २०१९ च्या पुढच्या चित्रपटात रोझ अवघ्या एक-दोन मिनिटांपुरती उरली. छळणाऱ्यांना यातून काय कळलं असेल?

पण मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. २०१७ च्या चित्रपटात रेला कळतं की तिचे आईबाप कुणीच नव्हते. भंगार विकणारी, दारूपायी पोरीला विकून टाकणारी माणसं. म्हणजे तिच्यातलं सामर्थ्य कुणाच्या रक्तातून आलेलं नव्हतं, ते तिचं होतं. ज्या मालिकेत सारं सामर्थ्य बापाकडून लेकाकडे उतरत आलं, तिथं ही फार मोठी गोष्ट होती. दोनच वर्षांत ती फिरवली गेली. रे ही दुष्ट सम्राटाची नात निघाली. शेवटी एक म्हातारी तिला घराण्याचं नाव विचारते आणि रे जुन्या नायकाचं आडनाव सांगते.

वाईट रक्त नाकारून तिने मनाने जोडलेलं नाव घेतलं, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण नुसतं ‘रे’ एवढं नाव पुरेसं का ठरू नये? परित्यक्तांच्या मुलांना शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचं पूर्ण नाव’ या रकान्यापाशी अडताना आपण पाहिलं आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालण्याची तरतूद झाली, ती त्यासाठी धरलेल्या दीर्घ आग्रहानंतर. आणि दूरच्या आकाशगंगेतली, हातात प्रकाशाची तलवार असलेली मुलगीदेखील त्याच रकान्यापाशी अडते! मुलीला शूर दाखवणं बाजाराला परवडतं. ती कुणाचीच नसणं मात्र परवडत नाही.

हे असं का होतं, याचं एक उत्तर गोष्ट कोण सांगतं यात आहे. २०१९ पर्यंतच्या अकरा चित्रपटांपैकी एकाचंही दिग्दर्शन बाईने केलेलं नाही. पटकथाकार म्हणून नाव लागलेली बाई एकच, ती १९७८ मध्ये वारलेली ली ब्रॅकेट. २०१२ पासून कंपनीच्या प्रमुखपदी कॅथलीन केनेडी होत्या, तरीही. खुर्चीत बाई बसली म्हणजे कारभार बदलतोच असं नाही, हे आपल्या ग्रामपंचायतींनी आपल्याला शिकवलंच आहे. एप्रिल २०२३ मध्ये रेच्या पुढच्या कथेसाठी पाकिस्तानच्या शर्मीन ओबेद-चिनॉय यांचं नाव जाहीर झालं. ॲसिडहल्ल्यातून आणि घराण्याच्या इज्जतीसाठी केलेल्या हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांवरच्या माहितीपटांसाठी त्यांना दोनदा ऑस्कर मिळालं आहे. ही गोष्ट आता बाईने घडवायची वेळ आली आहे, एवढं त्या म्हणाल्या आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. २०२५ संपेपर्यंत तो चित्रपट पडद्यावर आला नव्हता.

मैत्रिणींनो, हे चित्रपट पाहू नका असं आमचं म्हणणं नाही. किशोरींच्या गटात ते जरूर दाखवा. रेने तलवार उचलली की मुली टाळ्या वाजवतील, वाजवू द्या. नंतर मात्र गोल करून बसा आणि विचारा: तिला मैत्रिणी किती? तिच्या कामाचा भाव कोण ठरवतं? रोझ कुठे गेली? आणि आडनाव सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं? मुली काय म्हणाल्या ते आम्हांला लिहून कळवा. पुढच्या अंकात ते छापायला आवडेल.